ठाण्याची पहिली गाडी, ठाकुर्लीची वीज आणि तुमचा अर्धा झिजलेला ब्रेक पॅड

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, अशांसाठी हा या भागाचा लेखी मजकूर. लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट त्याच रुळांवरून सुरू होते.

विषय एका श्रोत्याने दिला. डोंबिवलीचा मुलगा, पहिलीच गाडी, घेऊन दोन वर्षंही झाली नाहीत. त्याने दोन प्रश्न पाठवले. पहिला: सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड संपलेला निघाला आणि बाहेरचा जवळपास नवा होता. असं कसं? एकच पाय, एकच पेडल, मग झीज वेगवेगळी का? दुसरा: ब्रेकला नुसता पाय लावला तरी गाडी गचकन थांबते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागे बसलेल्या आईचं डोकं दर दोन मिनिटांनी पुढच्या सीटला लागायची वेळ येते. वडील म्हणतात, तुला चालवता येत नाही. तो म्हणतो, गाडीच तशी आहे. घरात रोज वाद. खरं कोण बोलतंय?

मी सुरुवातीलाच सांगतो, दोघंही थोडेथोडे बरोबर आहेत. पण ते का, हे कळायला आपल्याला १८५३ मध्ये जावं लागेल.

शिट्टी वाजली की ब्रेक

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी रेल्वे निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, सुमारे ३४ किलोमीटर. हे आपण शाळेत पाठ केलंय. पण ती गाडी ठाण्याला थांबली कशी, हे कुणी विचारलं नाही.

त्या काळातल्या गाड्यांना आजच्यासारखा सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक नव्हता. जगात कुठेच नीट रुळलेला नव्हता. इंजिनाला हाताने फिरवायचा ब्रेक आणि ब्रेकच्या डब्यात बसलेल्या गार्डाकडे दुसरा. ड्रायव्हर शिट्टी देणार, गार्ड ती ऐकणार आणि चाक फिरवून लाकडी ठोकळे चाकांवर दाबणार. मधले डबे? ते मागून ढकलत यायचे. म्हणजे काही चाकं ब्रेकचं सगळं काम करणार आणि बाकीची नुसती फिरणार. आपल्या श्रोत्याचा प्रश्न, पण अख्ख्या गाडीच्या मापाचा!

सपाटीवर हे चालून गेलं. १ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत पोहोचली, तेव्हाही चाललं. कल्याणच्या पुढे मात्र रेल्वेला दोन फाटे फुटतात आणि दोन्हीकडे सह्याद्री उभा. एक कर्जतवरून बोरघाटात, दुसरा कसाऱ्यावरून थळघाटात. बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, थळघाट १८६५ मध्ये. दोन्हीकडे चढ १:३७ इतका. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की एक फूट वर. कारमध्ये बसून हा चढ फारसा जाणवणार नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असलं की तो भयानक असतो. वर नेणं हा एक प्रश्न, त्यासाठी मागून जोर देणारी बँकर इंजिनं लावतात, आजही लावतात. पण खरी भीती उतरताना. गाडी एकदा सुटली की सुटली.

म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' बांधल्या. मुख्य रुळातून निघून डोंगराच्या बाजूला वर चढत जाणारा एक आडवा फाटा. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली तरच मुख्य मार्ग मिळणार, नाहीतर ती त्या चढावर जाऊन दमून थांबणार. पुण्याहून येताना मंकी हिल किंवा ठाकूरवाडीला गाडी 'उगाच' थांबते आणि आपण वैतागतो ना? ते थांबणं उगाच नसतं. ती ब्रेकची परीक्षा असते. उतरायच्या आधी आणि उतरताना गाडी सिद्ध करून दाखवते की मी थांबू शकते.

हवा नसण्याची ताकद

१८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. ब्रिटिश वळणाच्या रेल्वेंनी, म्हणजे आपल्याकडेही, बराच काळ त्याचा चुलतभाऊ वापरला: व्हॅक्यूम ब्रेक. कल्पना गमतीची आहे. सगळ्या डब्यांखालून एक पाइप जातो आणि त्यातली हवा सतत ओढून काढलेली असते. हवा नाही तोवर ब्रेक सुटलेले. पाइपात हवा शिरली की ब्रेक लागले. डबे तुटून वेगळे झाले, पाइप फाटला, प्रवाशाने साखळी ओढली, काहीही झालं तरी हवा आत शिरणार आणि गाडी थांबणार. बिघाड झाला तर ब्रेक लागला पाहिजे, जाता कामा नये, हा धडा रेल्वे इथे शिकली.

ही व्हॅक्यूमची युक्ती लक्षात ठेवा. तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली ती आजही बसलेली आहे. तिच्याकडे परत येतो.

ठाकुर्लीचं वीजघर आणि घाटातले खेकडे

आता खास आपल्या भागाची गोष्ट. डोंबिवली सोडून लोकल कल्याणकडे निघाली की ठाकुर्ली लागतं. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस घरातल्या जुन्या माणसांना विचारा. १९२९ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने स्वतःच्या विजेसाठी ते उभारलं. कारण १९२९-३० मध्ये कल्याणहून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे, दोन्ही घाटांत विजेच्या तारा पोहोचल्या. १५०० व्होल्ट डीसी.

या घाटांसाठी १९२८ पासून खास मालगाडीची इंजिनं आली. पहिली दहा स्वित्झर्लंडहून, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून, एकूण ४१. पुढे त्यांचं नाव डब्ल्यूसीजी-१ झालं. लांब नाकं, मध्ये केबिन, चालताना दांड्यांचा विचित्र आवाज. रेल्वेतले लोक त्यांना 'खेकडा' म्हणायचे.

खेकड्याची खासियत काय, तर उतरताना तो ब्रेकचे ठोकळे कमी झिजवायचा. विजेची मोटर उलट वापरली की ती जनित्र होते. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज बनवते आणि वीज बनवायला लागणारी मेहनत चाकांचा वेग खाते. याला म्हणतात रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. ती वीज वरच्या तारेत परत जायची. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल तर ती वीज तिच्या कामी यायची. एक उतरतोय, दुसरा चढतोय आणि उतरणारा चढणाऱ्याला हात देतोय! ठाकुर्लीच्या वीजघरावरचा भार तेवढाच हलका.

आजच्या इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत 'रिजन' हा शब्द नव्या शोधासारखा मिरवतात. मंडळी, कल्याणच्या पुढच्या डोंगरात तो जवळपास शंभर वर्षांपूर्वी रोज कामाला होता. २००७ नंतर मुंबईत आलेल्या नव्या लोकलही थांबताना तारेत वीज परत पाठवतात. ठाण्याला लोकल शिरताना खालून येणारा तो उतरत जाणारा सूं आवाज ऐका. ठोकळे चाकाला लागण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं.

आता रस्त्यावर येऊ

मोटारगाडीची ब्रेककथा थोडी उशिरा सुरू झाली. १९०२ हे महत्त्वाचं वर्ष. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक पुढे आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. ड्रम जिंकला, डिस्कला पन्नास वर्षं थांबावं लागलं.

सुरुवातीच्या गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत सळया आणि तारा जायच्या. एक तार सैल, एक घट्ट, की गाडी एका बाजूला ओढणार. सगळी चाकं सारखी लागतील असं जुळवणं हे मेस्त्रीचं कायमचं काम होतं. यावर तोड निघाली तेलाची. बंद नळीतल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने हायड्रॉलिक ब्रेक विकसित केला आणि १९२१ च्या ड्यूसनबर्ग गाडीत तो चारही चाकांना आला.

इथे जरा थांबा. तेलाचा दाब सगळीकडे सारखा, तर मग आपल्या श्रोत्याचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा नवा राहिला, हे कसं? म्हणजे दोष पायाचाही नाही आणि सहसा तेलाचाही नाही. दोष त्याच्या पुढे, चाकापाशी शोधायला हवा. शोधूच. आधी एक आपली गाडी बघून घेऊ.

कुर्ल्याची फियाट, डोंबिवलीची पेजो

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १९४४ मध्ये स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागल्या, पुढे त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी म्हणजे तीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा.

या फियाटला चारही चाकांना ड्रम. ब्रेक लावायचा म्हणजे मांडीचा जोर लावायचा. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पेडल दाबूनही गाडी थोडी पुढे जायची, म्हणून जुने ड्रायव्हर पाण्यातून बाहेर पडल्यावर हलका ब्रेक लावत लावत ड्रम सुकवायचे. आणि दोनदा पंप मारून ब्रेक लावायची सवय. तुमच्या वडिलांचा पाय या शाळेत शिकलाय, हे ध्यानात घ्या.

मग १९९० चं दशक. प्रीमियरने फ्रान्सच्या पेजोशी भागीदारी केली आणि पेजो ३०९ ही गाडी बनवायला घेतली कुठे? आपल्या कल्याण-डोंबिवलीत. कल्याण-शीळ रस्त्यावर आज जिथे टॉवर उभे राहिलेत, तिथलं 'प्रीमियर'चं नाव अजून लोकांच्या तोंडात आहे, पण तिथे गाड्या बनायच्या हे नव्या पिढीला माहीतच नसतं. कामगारांचा वाद, भागीदारांची फाटाफूट आणि काही वर्षांतच १९९७ च्या सुमारास पेजो परत गेली.

गाडी टिकली नाही, पण ती ज्या पिढीची होती त्या पिढीने आपल्या रस्त्यांवर दोन गोष्टी आणल्या. पुढे डिस्क ब्रेक आणि पेडलमागे बूस्टर.

बूस्टर म्हणजे बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या समोर दिसणारा तो काळा, थाळीसारखा गोल डबा. त्याच्या आत एक पडदा. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं. पाय दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि वातावरणाचा दाब तुमच्या पायाच्या बाजूने ढकलायला लागतो. आठवलं? रेल्वेची व्हॅक्यूमची युक्ती! बेल्जियमच्या आल्बेर देवांद्रने १९२० च्या दशकात ती मोटारीला जोडली. डिझेल इंजिन अशी हवा ओढत नाही, म्हणून डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडू नका, असं सांगतात ते यासाठीच. एकदोनदा दाबलं की साठवलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगड होतं.

गचकन का थांबते?

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. बूस्टरमुळे पायाचा जोर कितीतरी पट वाढतो. पेडल थोडं दाबल्यावर किती झटका द्यायचा, हे गाडी बनवणारे ठरवतात. शोरूममधून टेस्ट ड्राइव्हला निघालेल्या माणसाला पहिल्याच स्पर्शात 'ब्रेक जबरदस्त आहेत' असं वाटावं, हाही त्यात हेतू असू शकतो.

पण फक्त विक्रीचा हिशेब नाही. १९९० च्या दशकात जर्मनीत डाइमलर-बेंझच्या लोकांनी सिम्युलेटरमध्ये ड्रायव्हरांना संकटात टाकून पाहिलं. दिसलं असं की, समोर अचानक काही आलं तर माणूस पेडलवर झटकन जातो, पण पुरेसं जोरात दाबत नाही. घाबरतो, कचरतो. म्हणून १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आला. पाय किती वेगाने पेडलवर पडला हे यंत्र बघतं आणि 'हा संकटात आहे' असं वाटलं तर उरलेला ब्रेक स्वतः लावतं.

त्याआधी १९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत आलं. चाक पूर्ण जाम होऊ द्यायचं नाही, म्हणजे स्टेअरिंग हातात राहतं. भारतात नव्या मॉडेलच्या कारना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं.

म्हणजे गाडी जास्त हळवी झाली, हे मुलाचं म्हणणं खरं. आणि वडिलांचंही खरं, कारण पायाने नवी भाषा शिकायला हवी. टाच जमिनीवर टेकवायची, पेडल बोटांनी दाबायचं आणि गाडी थांबायच्या क्षणी पाय किंचित सैल करायचा. मांडीचा जोर लावायचे दिवस गेले. तीन हात नाक्याला रोज सकाळी याचा सराव फुकट मिळतो.

एक अपवाद सांगतो. गाडी आधी गचकन थांबत नव्हती आणि आता अचानक थांबायला लागली, तर ती सवय नाही, तो बिघाड. पॅडला तेल लागलंय, डिस्कवर गंज आहे, पॅड बदलताना वेगळ्या जातीचे टाकलेत, काहीही असू शकतं. तिथे पायाला दोष देऊ नका.

एकच पॅड का झिजला?

आता पहिला प्रश्न. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या चाकांवर काम जास्त. पुढचे पॅड आधी संपणं हे साहजिक. ड्रममध्येही एक शू दुसऱ्यापेक्षा जास्त झिजतो, कारण फिरणारा ड्रम त्याला स्वतःकडे ओढून घेतो. ही झीज रचनेतच आहे.

आधुनिक गाडीने यात एक नवं वळण आणलंय. कॉम्प्युटर आता ठरवतो कुठल्या चाकाला किती ब्रेक द्यायचा. हलक्या ब्रेकला तो मागच्या चाकांकडून जास्त काम करून घेतो, म्हणजे नाक खाली झुकत नाही. वळणावर गाडी सावरायला एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो. म्हणून काही नव्या गाड्यांत मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात. जुने मेस्त्री बघून चक्रावतात, पण तो दोष असेलच असं नाही.

पण एकाच चाकाचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा नवा, हे मात्र दोषाचं लक्षण. बहुतेक कारमध्ये कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना सरकल्या पाहिजेत. त्यांचं रबर फाटलं, ग्रीस सुकलं, चिखल गेला, गंज चढला की कॅलिपर जागीच अडकतो. मग एकटा आतला पॅड राबतो. चार महिने पाऊस, खाडीची दमट हवा, खड्ड्यांतलं गढूळ पाणी: ठाणे-कल्याणची गाडी यासाठी अगदी योग्य गिऱ्हाईक आहे.

गॅरेजमध्ये होतं काय? पॅड संपला, नवा टाकला, बिल केलं. पिना कुणी उघडल्याच नाहीत. मग सहा महिन्यांनी परत तेच. मधल्या काळात गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या उतारावर जोरात ब्रेक लावायची वेळ आली आणि डावं चाक एक बोलतंय, उजवं दुसरं, तर गाडी कुठे जाईल? शेजारी कंटेनर असतो मंडळी. तिथे कॅच सायडिंग नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. तुमच्याकडे खेकड्याची विद्या आहे, मोटरच बरंचसं थांबवते, त्यामुळे पॅड फार वापरलेच जात नाहीत. वापरले नाहीत की डिस्क गंजते आणि पिना अडकतात. पॅड झिजत नाहीत म्हणून ते बघायचेच नाहीत, हा हिशेब चुकीचा. शिवाय मोटरच्या ब्रेककडून पॅडच्या ब्रेककडे जाताना पायाला वेगळंच जाणवू शकतं. २०१० मध्ये टोयोटाने याच जोडकामातल्या ब्रेकच्या तक्रारींवरून प्रियस आणि इतर हायब्रिड गाड्या, जगभरात चार लाखांहून जास्त, सॉफ्टवेअर सुधारायला परत बोलावल्या होत्या. तेव्हा 'ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटला' असं कुणी म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका.

तर घरचा वाद कसा मिटवायचा?

आपल्या श्रोत्याला मी एवढंच लिहिलं. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये उभा राहा. मेस्त्रींना म्हण, "दादा, जुने चारही पॅड एका रांगेत ठेवून दाखवा." डावा-उजवा, आतला-बाहेरचा. फरक डोळ्यांना दिसतो, त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. फरक मोठा असेल तर पिना उघडून साफ करून ग्रीस लावायला सांग, पिस्टन मागे सहज जातोय का ते बघायला सांग. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदल, ते हवेतलं पाणी शोषतं. पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आली की बदलून टाक. पावसाळा संपल्यावर एकदा हे सगळं करून घे. दसऱ्याला गाडीला हार घालतोसच, त्याच आठवड्यात.

आणि रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, वडिलांना शेजारी बसव. आधी तू चालव, मग त्यांना चालवायला दे. त्यांचाही पहिला ब्रेक गचकन लागेल. पैज!

त्याचा परवा निरोप आला. पिना जाम होत्या. वडिलांचा ब्रेकही गचकन लागला. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आता दोघंही शिका."

पुण्याहून येताना मंकी हिलला गाडी थांबली तर यावेळी वैतागू नका. तिची परीक्षा चालू आहे. आपल्या गाडीची शेवटची कधी घेतली, तेवढं आठवून बघा.

पुढच्या भागात भेटू. तोवर सावकाश चालवा.